टोपीपर्यंत पोचलेला हुकूम

सोलापुरात चार हुतात्मा चौकापासून जवळच एका सलूनमध्ये मी बरीच वर्षे केस कापायला जातो. रविवारी तिथे नंबर लावावा लागतो आणि नंबर येईपर्यंत टीव्ही आणि गप्पा चालतात. मागे एकदा टीव्हीवर दंगलीची बातमी चालू होती. जळालेल्या गाड्या, पळणारी माणसे, तीच तीच दृश्ये पुन्हा पुन्हा. बाकावर एक निवृत्त गिरणी कामगार बसले होते. तिथे सगळे त्यांना मामाच म्हणतात. बघता बघता वैतागून ते म्हणाले, "दोन वर्षं हा देश मिलिटरीच्या ताब्यात द्यायला पाहिजे. सगळे सुतासारखे सरळ होतील." दुकानातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

हे वाक्य मी रेल्वेत ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दर पंधरवड्याला वाचतो. ते म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. कोर्टाच्या तारखांना, टेबलाखालच्या पैशांना, खड्ड्यांना तो कंटाळलेला असतो. लष्कर त्याला दिसते ते २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरातल्या म्हाताऱ्यांना बोटीत उचलून घेणारे. वेळेवर येणारी आणि काम करून निघून जाणारी एवढी एकच संस्था उरली आहे, असे त्याला वाटते. त्या आदरात काही चूक नाही. पण ते वाक्य सोलापुरात, त्या चौकाच्या इतक्या जवळ ऐकले तेव्हा मला गप्प बसवेना. कारण हे शहर एकदा खरोखरच लष्कराच्या ताब्यात दिले गेले होते, एकोणपन्नास दिवसांसाठी.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण आपल्याकडे सगळ्यालाच 'लष्करी कायदा' म्हणतात. सैनिकांना शिस्त लावणारा कायदा वेगळा. तो १९५० चा सेना अधिनियम. तो सैनिकाला लागू होतो, तुम्हाआम्हाला नाही. जमावबंदी वेगळी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १४४ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे; तो हुकूम मॅजिस्ट्रेट काढतो आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येते. दंगल आटोक्यात येईना म्हणून लष्कर बोलावणे, हेही वेगळे. तिथे जवान मॅजिस्ट्रेटच्या मदतीला येतात आणि कायदाच त्यांना बजावतो की कमीत कमी बळ वापरा, माणसांची आणि मालमत्तेची कमीत कमी हानी करा. जमाव पांगवून पकडलेल्या माणसांना मुलकी अधिकाऱ्याच्या हवाली केले की त्यांचे काम संपते. खटला चालवणे, शिक्षा देणे हे त्यांचे काम नसते.

मार्शल लॉ या सगळ्याच्या पलीकडचा. त्यात मुलकी सत्ता बाजूला होते आणि लष्करी अधिकारी स्वतः हुकूम काढतो, तो मोडल्याचा आरोप स्वतः ठेवतो, न्यायनिवाडा स्वतःच नेमलेल्या माणसांकडून करवतो आणि शिक्षाही देतो. नियम करणारा, पकडणारा आणि न्याय देणारा हे तिघे वेगवेगळे असले पाहिजेत, या एका व्यवस्थेवर आपले बाकीचे सगळे हक्क उभे आहेत. ती व्यवस्थाच गेली की भाषणस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य वगैरे एकेक हक्क मोजत बसायचे कारण उरत नाही. ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा काही नागरी हक्कांचा कैवारी नव्हता, मूळचा सेनापतीच होता. सिलोनमधल्या उठावावरून १८५१ साली ब्रिटिश संसदेत चर्चा झाली तेव्हा त्याने सरळ सांगितले की मार्शल लॉ म्हणजे सेनापतीची मर्जी, दुसरेतिसरे काही नाही. त्यात 'लॉ' हा शब्द आहे म्हणून आपण फसतो.

आता सोलापूर. मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि इथल्या गिरण्या थंडावल्या. त्याआधी महिनाभर, ६ एप्रिलला, नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला होता आणि आजही सोलापूरकर ते अभिमानाने सांगतात. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमावही पेटला. पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्टाच्या इमारतीला आग लागली. हे मी झाकून ठेवणार नाही. त्या दिवशी मेलेले पोलीसही याच मातीतले, कुणाचे तरी मुलगे होते, आणि त्यांना जाळणे हा गुन्हाच होता. अधिकाऱ्यांनी शहर सोडले. पुढचे तीन दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहर सांभाळले. रस्त्यावरच्या वाहतुकीपासून सगळे. १२ मे रोजी फौज आली आणि मार्शल लॉ पुकारला गेला.

तारखा नीट पाहा. जाळपोळ ८ तारखेची. मार्शल लॉ १२ तारखेचा. आणि त्याला कायद्याचे रूप देणारा व्हाइसरॉयचा वटहुकूम १५ तारखेचा. आग विझल्यावर बंब आला आणि मग सात आठवडे तो घराघरांत फिरत राहिला. शहर ३० जूनपर्यंत लष्कराच्या हाती होते.

या सात आठवड्यांत लष्कराने शिकार कशाची केली? ज्यांनी चौकी जाळली त्यांच्यावर खून-जाळपोळीचा खटला चालवायला साधे फौजदारी कायदे आणि सेशन्स कोर्ट पुरेसे होते, आणि तो खटला शेवटी तिथेच चालला. मार्शल लॉने हात घातला तो टोपीला. गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसलेल्या माणसाला सैनिक अडवत, टोपी काढायला लावत. काँग्रेसचा झेंडा लावणे, तो घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. नगरपालिकेवरचा तिरंगा उतरवायला लावला आणि नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांना तुरुंगात धाडले. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही तुरुंगाची वाट धरावी लागली. संपादक, नगराध्यक्ष, झेंडा, टोपी. यांतले एकही हत्यार नव्हे.

टोपीपाशी जरा थांबावेसे वाटते. दोन शिवणींची, धुऊन धुऊन मऊ झालेली खादीची टोपी. ती डोक्यावर असलेल्या माणसाच्या हातात दगड आहे की नाही, हे कुणी विचारले नाही. तो बाजारात निघाला आहे, की कामावर, की कुणाच्या मयतीला, हेही नाही. ती बघितल्यावर सैनिकाला राग येतो, एवढ्यावर गुन्हा ठरला. साध्या कोर्टात टोपी घातल्याबद्दल माणसाला उभे केले असते तर कुठल्याही वकिलाने पहिल्याच मिनिटाला विचारले असते की कोणते कलम, कोणती हानी, फिर्यादी कोण. मार्शल लॉमध्ये हा प्रश्न विचारायला वकील नाही आणि तो ऐकायला न्यायाधीशही नाही. हक्क गेला म्हणजे नेमके काय गेले, तर 'कोणत्या कलमाखाली?' एवढे विचारण्याची सोय गेली.

पुढच्या वर्षी, १२ जानेवारी १९३१ रोजी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. चार हुतात्मा चौकाच्या नावातले ते चार हेच. खटला रीतसर कोर्टात चालला होता, अपीलही झाले. पण एकोणपन्नास दिवस जे शहर जीभ आवळून बसले होते, तिथून कोण साक्षीला उभे राहणार, कोण पोलिसांच्या साक्षीविरुद्ध बोलणार? चौघांना गोवले गेले, असे सोलापूर आजही मानते, आणि त्या वातावरणाचा विचार केला की मलाही तसेच वाटते. मार्शल लॉ कागदावर उठला त्या दिवशी भीती उठली नव्हती.

सोलापूरच्या अकरा वर्षे आधी पंजाबात हेच झाले होते, फार मोठ्या प्रमाणावर. जालियनवाला बाग सगळ्यांना ठाऊक आहे. पण १३ एप्रिल १९१९ चा तो गोळीबार मार्शल लॉ पुकारण्याच्या आधीचा. मार्शल लॉ दोन दिवसांनी आला आणि त्यात काय घडले ते आपल्याला शाळेत फारसे सांगत नाहीत. अमृतसरच्या एका गल्लीत एका इंग्रज बाईंवर हल्ला झाला होता. म्हणून त्या गल्लीतून जाणाऱ्या भारतीय माणसाने पोटावर सरपटत जायचे, असा हुकूम जनरल डायरने काढला आणि तो जवळपास आठवडाभर चालला. ज्यांची घरे त्या गल्लीत होती त्यांनी दूध आणायला, वैद्याकडे जायला काय करायचे? याच माणसांपैकी काहींनी त्या बाईंना उचलून वाचवले होते. लाहोरात कॉलेजच्या पोरांना दिवसातून चार वेळा हजेरीला उभे केले जाई; उन्हाळ्यात काहींची रोजची चाल सोळा मैल होई. सनातन धर्म कॉलेजच्या भिंतीवरचा मार्शल लॉचा कागद कुणीतरी फाडला, तर कॉलेजमधले विद्यार्थी आणि प्राध्यापक सरसकट पकडून किल्ल्यात नेले. खास न्यायमंडळांनी १०८ जणांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या. त्यांतल्या बहुतेक पुढे सरकारलाच कमी कराव्या लागल्या. ज्या शिक्षा तापलेले डोके थंड होताच टिकत नाहीत, त्या शिक्षांना न्याय म्हणायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

चौकशीसाठी हंटर समिती बसली. तिथे मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांनी डायरची उलटतपासणी घेतली, आणि समितीतल्या भारतीय सदस्यांनी वेगळा अहवाल देऊन लिहिले की पंजाबात बंड नव्हते, मार्शल लॉची गरज नव्हती. काँग्रेसच्या स्वतंत्र चौकशीत गांधीजींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. एवढ्या जाणत्या माणसांनी एवढा खटाटोप केला, पण सरकार त्यांच्या आधीच आपले काम उरकून बसले होते. हंटर समिती ऑक्टोबर १९१९ मध्ये नेमली गेली. अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा माफीचा कायदा सप्टेंबरमध्येच मंजूर झाला होता. आधी माफी, मग चौकशी.

हा माफीचा कायदा म्हणजे मार्शल लॉचा दुसरा अर्धा भाग आहे. इंग्रजी न्यायपरंपरेत मार्शल लॉचा आधार एकच मानला जातो, तो म्हणजे गरज. खरोखर गरज होती का, हे नंतर कोर्टाने तपासायचे. नसली तर सैनिकालाही इतरांसारखी शिक्षा. ऐकायला हे चोख वाटते. सोलापूरच्या मार्शल लॉचा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पण कोर्ट तपासायला बसण्याआधीच विधिमंडळ माफी देऊन टाकत असेल, तर 'नंतर तपासू' या वचनाला काय किंमत?

आपल्या राज्यघटनेत हा प्रश्न सुटला असेल असे मला वाटायचे. अनुच्छेद ३४ पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो. घटनेत 'मार्शल लॉ' ही कल्पना येते ती या एकाच ठिकाणी. तो कुणी पुकारायचा, कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांसाठी, संसदेला केव्हा विचारायचे, कोर्टे चालू राहतील की नाही, यांतले एक अक्षर तिथे नाही. तिथे काय आहे? ज्या भागात मार्शल लॉ अंमलात 'होता', त्या भागात सुव्यवस्था राखण्यासाठी कुणी काही केले असेल तर संसद त्याला कायद्याने माफी देऊ शकते, आणि मार्शल लॉखाली दिलेल्या शिक्षा, केलेल्या जप्त्या वैध ठरवू शकते. मूलभूत हक्कांच्या आधीच्या तरतुदी त्याच्या आड येणार नाहीत. वाक्यातला भूतकाळ पाहा. हा अनुच्छेद मार्शल लॉ लागायच्या वेळी बोलतच नाही. तो उठल्यावर बोलतो, आणि बोलतो ते माफीबद्दल. १९१९ च्या कायद्याची वाट घटनेने मोकळी ठेवली.

घटनाकारांना दोष देणे सोपे आहे, पण ते दिवस आठवले पाहिजेत. फाळणीचा वणवा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. कोर्टे बंद, पोलीस पळालेले, जिल्हेच्या जिल्हे पेटलेले त्यांनी पाहिले होते. अशा वेळी एखाद्या अधिकाऱ्याने कागद न बघता गाव वाचवले तर त्याला उद्या कोर्टात खेचू नये, असे त्यांना वाटले असेल तर ते मला समजते. माझी तक्रार आपल्या पिढ्यांबद्दल आहे. पंचाहत्तर वर्षांत आपण ती मोकळी जागा भरली नाही.

एकदा संधी आली होती. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली ती मार्शल लॉ नव्हती. रस्त्यावर सैनिक नव्हते, कोर्टे उघडी होती, न्यायाधीश पगार घेत होते. तरी काय झाले? विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असा निकाल मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी दिला, आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले होते की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी माणूस मारला तर? सरकारची बाजू मांडणाऱ्या अॅटर्नी जनरलचे उत्तर होते की आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयीन इलाज नाही. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल चुकीचा होता असे लिहिले. लष्कर बराकीत असतानाही हे झाले, म्हणजे धोका बंदुकीतच नाही. कुठल्याही सत्तेला विचारणारा कुणी नसणे, हा धोका आहे.

त्यातून देश शहाणा झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीचे कारण 'अंतर्गत अशांतता' ऐवजी 'सशस्त्र बंड' केले, आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे लिहून ठेवले. फार मोठे काम झाले ते. पण ती दुरुस्ती आणीबाणीच्या तरतुदींना केली गेली. अनुच्छेद ३४ ला कुणी हात लावला नाही. पुढचे दार कुलूप लावून बंद केले आणि मागचे तसेच लोटलेले राहिले.

कुणी म्हणेल, स्वतंत्र भारतात मार्शल लॉ एकदाही लागलेला नाही, मग ही चिंता कशाला? नाही लागला, हे खरे, आणि त्याचे मोठे श्रेय आपल्या लष्कराला आहे. शेजारी पाकिस्तानात १९५८ पासून सेनापती सत्ता हातात घेत राहिले आणि तिथली कोर्टे 'गरज होती' म्हणून शिक्के मारत राहिली. आपले सेनापती बराकीत राहिले. पण घटना चांगल्या सेनापतींच्या भरवशावर लिहायची नसते. शिवाय लष्करी राजवट आपल्या मराठी मुलखाला अगदीच अनोळखी नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यासह सगळे हैदराबाद संस्थान मेजर जनरल चौधरी यांच्या हाती वर्षाहून अधिक काळ होते. डिसेंबर १९६१ नंतर गोव्यातही काही महिने मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. दोन्हीकडे लोकांनी फौजेचे स्वागत केले. रझाकारांच्या जाचातून मराठवाडा सुटला याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्याच आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुस्लिम वस्त्यांवर काय गुदरले, याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती सरकारनेच पाठवली होती, आणि तिचा अहवाल दशकानुदशके लोकांपासून लपवून ठेवला गेला. सुटका खरी होती आणि तो अहवालही खरा होता. मुलकी राजवटीत, उघड्या कोर्टात, मोकळ्या वर्तमानपत्रांत हे दडपणे इतके सोपे गेले नसते.

ईशान्येच्या काही भागांत आणि काश्मीरमध्ये लागू असलेला, सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा १९५८ च्या धर्तीचा कायदा, म्हणजे अफ्स्पा, हा मार्शल लॉ नाही. तिथे मुलकी सरकार आणि कोर्टे चालू असतात. पण केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला नाही, ही त्यातली अट त्याच माफीची भावंड आहे. मणिपूरमधल्या मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की सरसकट संरक्षण कुणालाच नाही. त्यावर स्वतंत्र लिहायला हवे, इथे एवढेच.

आता कठीण प्रश्न. उद्या खरोखरच एखाद्या भागात कोर्टे बसू शकत नसतील, कलेक्टर मारला गेला असेल, सशस्त्र टोळ्या फिरत असतील, तर? मी असे म्हणणार नाही की तेव्हाही कलमांची पुस्तके उघडून बसा. लष्कराने उतरावे, गोळीला गोळीने उत्तर द्यावे, लोकांना वाचवावे. पण लढणे आणि राज्य करणे या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, मिलिगन नावाच्या नागरिकाला लष्करी मंडळाने दिलेली फाशी रद्द करताना साधी कसोटी लावली: जिथे कोर्टे उघडी आहेत तिथे नागरिकाला लष्करासमोर उभे करता येत नाही. मिलिगन ज्या इंडियानात पकडला गेला तिथली कोर्टे उघडीच होती. सोलापूर त्या कसोटीला लावून पाहा.

आणि गरज आहे की नाही हे ठरवणारा माणूस तोच असू नये ज्याला ती गरज हवी आहे. याचा पुरावा फार जुना नाही. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सक-योल यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ पुकारला. पाठोपाठ फर्मान निघाले: राजकीय हालचाली बंद, वृत्तमाध्यमे लष्कराच्या ताब्यात, आणि कामावर नसलेल्या डॉक्टरांनी अठ्ठेचाळीस तासांत रुजू व्हावे. सोलापूरच्या यादीशी ही यादी ताडून पाहा. झेंड्याच्या जागी डॉक्टर आले, बाकी तेच. पण त्या देशाच्या घटनेत एक कलम होते, ७७ वे: संसदेने बहुमताने मागणी केली तर अध्यक्षांना मार्शल लॉ उठवावाच लागतो. ते कलम माहीत असल्यामुळे खासदार मध्यरात्री संसदेकडे धावले. पोलिसांनी फाटके अडवली तेव्हा काहीजण कुंपणावरून चढून आत गेले, साठी ओलांडलेले सभापतीसुद्धा. आत कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबले रचून सैनिकांना थोपवले. रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या १९० पैकी १९० जणांनी मत दिले. पहाटे साडेचारपर्यंत सगळे संपले होते, आणि एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून काढले. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात मार्शल लॉच्या फौजेने केलेली कत्तल त्या समाजाच्या आठवणीत होती, म्हणून लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आले. पण नुसत्या आठवणीने भागले नसते. कुंपण चढून आत गेल्यावर हातात धरायला कलम होते.

फिलिपिन्सनेही मार्कोसच्या १९७२ पासूनच्या मार्शल लॉतून पोळून निघाल्यावर १९८७ च्या घटनेत लिहून टाकले: मुदत साठ दिवस, अध्यक्षांनी अठ्ठेचाळीस तासांत संसदेला अहवाल द्यायचा, कुणाही नागरिकाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालय कारणे तपासू शकते, मार्शल लॉने घटना स्थगित होत नाही, आणि जिथे मुलकी कोर्टे चालू आहेत तिथे लष्करी कोर्ट नागरिकाला हात लावू शकत नाही. आपल्याकडे अनुच्छेद ३४ मध्ये हेच यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. संसदेच्या मंजुरीशिवाय काही दिवसांपलीकडे मार्शल लॉ नाही. कुठल्याही स्थितीत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा, अर्ज घ्यायला उच्च न्यायालय बांधलेले. नागरिकावर लष्करी खटला नाही. आणि माफी द्यायचीच तर चौकशी अहवाल लोकांसमोर आल्यानंतर, प्रत्येक कृत्यासाठी वेगळी; छळ, बलात्कार आणि पकडलेल्या माणसाची हत्या यांना माफी नाहीच. माफी देणारे कलम ठेवा, पण ते एकटे ठेवू नका.

या दुरुस्तीची मागणी कोणताही पक्ष करताना मला दिसत नाही. विरोधात असताना ती सुचत नाही आणि सत्तेत गेल्यावर ती गैरसोयीची वाटते. म्हणून ती सलूनमधून, कट्ट्यावरून, कॉलेजमधून यायला हवी.

त्या रविवारी यातले फार थोडे मी मामांना सांगू शकलो. टोपीची गोष्ट मात्र सांगितली. ते म्हणाले, "माझा आजा गिरणीतच होता त्या वेळी. टोपी खिशात घडी करून ठेवायचा, घरी आला की घालायचा, असं आई सांगायची. मला वाटायचं उन्हापावसामुळं." मग थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारले, "किती दिवस चाललं हो सर ते?"

"एकोणपन्नास दिवस."

"आणि थांबवलं कुणी?"

"ज्यांनी लावला होता, त्यांनीच. त्यांना वाटलं तेव्हा."

मामांचा नंबर आला होता. ते उठून खुर्चीत जाऊन बसले, आणि न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधेपर्यंत आरशातून माझ्याकडे बघत राहिले.